गुंतवणूकदाराचं गणित: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आमचा व्यवसाय दोन वर्षं नफ्यात आहे. तरी व्हेंचर फंड ‘मार्केट लहान आहे’ म्हणून नकार देतात. नेमकं अडतं कुठे?

नफ्याबद्दल त्यांची तक्रार नाहीच. नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा घालणाऱ्या अशा फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि बहुतेक कंपन्यांतला पैसा बुडेल किंवा जेमतेम परत येईल, हे धरूनच तो चालतो. सगळी भिस्त एकदोन कंपन्यांवर. जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या सुरुवातीच्या व्हेंचर फंडाने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. दहा-बारा वर्षांत त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरांवर गेली. बाकीच्या गुंतवणुका त्यापुढे किरकोळ ठरल्या. हा धंदा आजही अशाच कंपनीच्या शोधात असतो, त्यामुळे लहान मार्केटमधली, दहा वर्षांत तिप्पट होणारी कंपनी त्याला पुरत नाही. तुम्ही कर्ज किंवा ग्राहकांकडून आगाऊ रक्कम घेऊन वाढू शकता. ईमेल मार्केटिंगची सेवा देणाऱ्या मेलचिंपने बाहेरची गुंतवणूक घेतलीच नव्हती. २०२१ मध्ये इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीने ती सुमारे १२०० कोटी डॉलरांना घेतली. उदाहरण टोकाचं आहे, मान्य. पण ‘फंडिंग झालं’ म्हणजेच यश, ही समजूत मला तरी पटत नाही.

कल्पना सांगण्याआधी गुंतवणूकदाराकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावी का?

मागू नका. एकाच क्षेत्रातले कितीतरी लोक त्यांना भेटतात, त्यामुळे सुरुवातीला ते सहसा सही करत नाहीत. कोड किंवा ग्राहकांची यादी मात्र पहिल्या भेटीत दाखवू नका.

मित्राला निम्मे शेअर दिले. सहा महिन्यांत तो नोकरीला लागला, शेअर सोडायला तयार नाही.

व्हेस्टिंगचा, म्हणजे कामाच्या काळानुसार शेअर हळूहळू नावावर होण्याचा, करार नसेल तर शेअर त्याचेच. प्रचलित पद्धत चार वर्षांची असते, पहिल्या वर्षाचा क्लिफ धरून: वर्ष भरण्याआधी गेलेल्याला काहीच मिळत नाही. आता वाटाघाटीने थोडा हिस्सा त्याच्याकडे ठेवून उरलेला विकत घ्या. निम्मी कंपनी काम सोडून गेलेल्याच्या नावावर दिसली, की नवा गुंतवणूकदार बहुधा तिथेच थांबतो.

दोन प्रस्ताव आहेत. ज्यात मूल्यांकन जास्त, तोच घ्यावा ना?

आधी लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकल्यावर गुंतवणूकदाराला सर्वांआधी किती मिळणार याचं, कलम वाचा. समजा २ कोटी घेऊन २० टक्के हिस्सा दिला आणि पुढे कंपनी ४ कोटींना विकली गेली. प्रेफरन्स एकपट (घातले तेवढे आधी परत) आणि ‘नॉन-पार्टिसिपेटिंग’ (त्यावर उरलेल्यात वाटा नाही) असेल तर गुंतवणूकदार २ कोटी घेतो, २ कोटी बाकीच्यांना उरतात. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर आधी २ कोटी आणि उरलेल्यातले २० टक्के, म्हणजे २ कोटी ४० लाख त्याचे. प्रेफरन्स दुप्पट असेल तर चारही कोटी त्याचे. मूल्यांकनाचा आकडा मिरवायला बरा असतो, पण कंपनी स्वस्तात विकायची वेळ आली तर हे कलमच हिशेब ठरवतं. दोन्ही प्रस्ताव वकिलाकडे द्या आणि तीन वेगवेगळ्या विक्री-किमतींना तुमच्या हाती किती उरेल, याचा तक्ता मागा. सही त्यानंतर.