चुंबकीय क्षेत्रात सरकणाऱ्या सळईत करंट कुठल्या दिशेने जातो? तो मायनसकडून प्लसकडे कसा काय जाईल?

उजवा हात. अंगठा सळई जाते तिकडे, तर्जनी क्षेत्राच्या दिशेने, मधलं बोट करंट दाखवतं. हे तुम्हाला माहीत असणारच, गाडी अडलीय ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आणि त्यावरूनच माझं एका सरांशी चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहितोय.

पुतणी बारावीला होती. प्रिलिमला नेहमीचीच आकृती, दोन समांतर रूळ, डाव्या टोकाला 2 ओहमचा रोध, रुळांवर 0.4 मीटरची सळई 3 मीटर प्रति सेकंदाने उजवीकडे चाललीय, 0.5 टेस्लाचं क्षेत्र कागदाच्या आत. पोरीने 0.6 व्होल्ट काढले, 0.3 अँपिअर काढले, सळईत बाण खालून वर दाखवला आणि वरच्या टोकाला प्लस लिहिलं. शंभर टक्के बरोबर. सरांनी बाणावर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "करंट नेहमी प्लसकडून मायनसकडे". मार्कांचं एवढं काही नाही हो, पण पोरगी बरोबर उत्तर खोडून चुकीचं पाठ करत बसली ते मला बघवेना.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, आयुष्य जनरेटरच्या मेंटेनन्समध्ये गेलंय. गेलो सरांना भेटायला. म्हटलं सर, प्लसकडून मायनसकडे हे बाहेर, त्या रोधात. सळई हाच इथला सेल आहे आणि सेलच्या आत करंट मायनसकडून प्लसकडेच जातो, नाहीतर फेरा पुरा कसा होणार? पाणी उतारावरून खालीच येतं म्हणून सोसायटीची मोटर ते टाकीत चढवत नाही का? सर म्हणाले, डिप्लोमाला काय शिकवतात माहीत नाही, बोर्डाला हेच चालतं. अजिबात नाही चालत. बोर्डाचं भौतिकशास्त्र वेगळं नसतं.

सळईबरोबर तिच्यातले प्रभारही उजवीकडे चाललेत, त्यामुळे चुंबकीय बल धन प्रभाराला वर ढकलतं. वर प्लस साठतो, खाली मायनस उरतो. सर्किट उघडं असेल तर साठलेला प्रभार उलटा जोर लावतो आणि थोड्याच वेळात सगळं थांबतं, ईएमएफ (सळईत तयार होणारं व्होल्टेज) आहे पण करंट नाही. सर्किट जोडलं की वरचा प्रभार रोधातून खाली उतरतो आणि चुंबकीय बल त्याला सळईतून परत वर चढवत राहतं.

आता डावा हात लावा, तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट करंटकडे, अंगठा बल दाखवतो. खालून वर करंट असेल तर सळईवर बल मागे, म्हणजे डावीकडे येतं, 0.06 न्यूटन. तेवढा जोर तुम्हाला लावत राहावा लागतो, त्याला वेगाने, म्हणजे 3 ने गुणा, 0.18 वॅट. रोधात जळतात तेही 0.18 वॅटच. सरांचा वरून खाली बाण घेतला तर बल पुढे येतं, सळई आपोआप वेग घेत जाणार आणि वर वीज फुकट! डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) लोड टाकला की इंजिन कसं दबतं, आवाज जड होतो आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवतो, हे ज्याने एकदा जवळ उभं राहून ऐकलंय तो असला बाण काढणारच नाही.

हां, इलेक्ट्रॉन अर्थातच बाणाच्या उलट, वरून खाली जातात. क्षेत्र, वेग आणि सळई एकमेकांना काटकोनात नसतील तर काटकोनातला घटकच धरायचा. आणि सळईला स्वतःचा रोध असेल तर करंट कमी होतो, टोकांमध्ये पूर्ण 0.6 व्होल्ट मिळत नाहीत, पण प्लस वरच राहतो.

पेपरात सळईच्या जागी सरळ सेलचं चिन्ह काढून दाखवा, प्लस वर. तरी मार्क कापले तर पेपर घेऊन सरांकडे जा आणि त्यांच्या बाणाने येणारं बल त्यांनाच काढायला सांगा. आमच्या सरांनी ते शेवटपर्यंत काढलं नाही.