टॅरेगॉन कमरेएवढं वाढलं, पण वासच नाही!

प्रश्न: ताई, मागच्या वर्षी पाकिटातलं बी पेरून टॅरेगॉन (स्वयंपाकात पानं वापरतात ती सुवासिक वनस्पती) लावलं. रोप जोरात आलंय, कमरेच्या वर गेलंय, पण पान चोळलं की नुसता गवताचा वास येतो, बडीशेपेसारखा अजिबात नाही. खत कमी पडतंय का? आणि पानं वाळवून ठेवली तर चालतात का?

उत्तर: खत घालू नका हो, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्याकडे आलंय ते रशियन टॅरेगॉन. स्वयंपाकात ज्याचं एवढं कौतुक होतं ते फ्रेंच टॅरेगॉन, आणि त्याला उगवणारं बी धरतच नाही, फुलंसुद्धा क्वचितच येतात, त्यामुळे पाकिटावर टॅरेगॉन लिहिलेलं असलं तरी आत बी असतं ते रशियनचंच. मला याचा मनापासून राग येतो, कारण लोक वर्षभर पाणी घालतात आणि शेवटी स्वतःलाच दोष देतात.

म्हणून रोपच घ्या, आणि घेण्याआधी एक पान चावून बघा. आधी बडीशेपेचा गोडसर स्वाद येतो आणि मग जिभेचं टोक हलकं बधिर झाल्यासारखं होतं, बारीक झिणझिण्या येतात. तसं झालं की फ्रेंच समजा. कोणाकडे असेल तर वसंतात कोवळ्या शेंड्याची 4-5 इंचांची कटिंग मागून घ्या, खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत खोचा.

हे आपल्या दवण्याचं भावंड आहे, दोघंही आर्टेमिसिया या एकाच वनस्पती-गटातले. ऊन भरपूर पाहिजे पण पाय ओले अजिबात चालत नाहीत, कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा, त्यामुळे वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. कडक थंडीत वरचा भाग पूर्ण वाळून जातो, तेव्हा मेलं म्हणून उपटून टाकू नका प्लीज, खाली मुळं जिवंत असतात. दर 2-3 वर्षांनी वसंतात गड्डा फोडून नव्या मातीत लावा, नाहीतर झाड दमतं. हवा फारच गरम आणि दमट असेल तर मेक्सिकन टॅरेगॉन लावा, ते खरं तर झेंडूच्या जातीचं, पिवळी फुलं येतात, पण स्वाद बराच जवळचा.

आता वाळवण्याचं. नका वाळवू, वाळल्यावर निम्मी मजा जाते. स्वच्छ, कोरड्या बाटलीत 3-4 ताज्या काड्या घाला, त्या पूर्ण बुडतील एवढं व्हाइट वाइन व्हिनेगर ओता, 2-3 आठवडे अंधारात ठेवून गाळा, सॅलडवर अप्रतिम लागतं. नाहीतर बारीक चिरून लोण्यात कालवा आणि फ्रीजरमध्ये टाका. ऑम्लेट, चिकन, मशरूम कशातही घालता येतं, फक्त गॅस बंद करायच्या जरा आधी घाला, जास्त शिजलं तर वास उडून जातो, आणि हात आखडता ठेवा, दोन जणांच्या ऑम्लेटला एक छोटा चमचा चिरलेली पानं भरपूर झाली.