'हात बाईचे वाटतच नाहीत'

प्रिय मुली,

चाकणच्या कारखान्यात तू सीएनसी मशीन चालवतेस. साखरपुडा झालाय, मार्गशीर्षात लग्न आहे. कासाराकडे सव्वादोनच्या बांगड्या चढेनात, तेव्हा हसत हसत होणाऱ्या नवऱ्याला हाताचा फोटो पाठवलास. त्याचं उत्तर आलं, 'हात बाईचे वाटतच नाहीत. जरा बाईसारखी राहा ना.' आता तू विचारतेस, 'केस वाढवू का? आवाज खाली आणू का? माझ्यात बाईपण कमी आहे का?'

नाही गं, कमी नाही. हे आधीच सांगते, कारण पत्राच्या शेवटी तुझं अक्षर बारीक बारीक होत गेलंय आणि ते मला बघवलं नाही.

बघणाऱ्याचं बाईपण वेगळं असतं, जगणारीचं वेगळं. त्याला दिसतं ते मनगट, चाल, पदर. बघणाऱ्याचं बाईपण तर शिकताही येतं. बालगंधर्व भामिनी, रुक्मिणी, सिंधू होऊन उभे राहत, तेव्हा घरंदाज बाईला रंगमंचावर जायची सोय नव्हती. तरी पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या, त्यांच्यासारखे गजरे माळू लागल्या. त्यांच्या कलेला हात जोडूनच विचारते, एका पुरुषाला जे इतकं हुबेहूब साधलं, ते नसलं म्हणून बाई अपुरी कशी?

तुला नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, 'मुलगी नाही, मुलगाच आहे आमचा.' त्यांनी ते मायेनेच म्हटलं असणार. पण बघ, कौतुक झालं तेव्हा तू मुलगा ठरलीस आणि आता तेच काम करणारे हात बाईचे नाहीत. पुरुषाला हिणवायचं तर आपण 'बायकी' म्हणतो. बुलढाण्याच्या लेखिका ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच पुरुषांना खडसावून विचारलं होतं, बाईच्या माथी मारता ते दोष तुमच्यात नाहीत का? आपली बोली अजून तिथेच अडकलीय.

माझी आजी काष्टा घालून रहाट ओढायची. तळहात इतका खरबरीत, की लुगड्याचे धागे त्यात अडकायचे. आम्हाला ताप आला की तोच हात कपाळावर यायचा आणि आम्ही झोपी जायचो. हा हात बाईचा आहे का, असं घरात कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

आता त्याचं. मेसेजवर बोलू नकोस, भेट. 'तुला नेमकं काय हवंय?' असं सरळ विचार. शिफ्ट संपवून आलीस की फोनवर तुटक बोलतेस, हे तूच लिहिलंयस. कदाचित दोन मायेचे शब्द हवे असतील त्याला आणि मागता येत नसतील. तसं असेल तर दे, आणि तूही त्याच्याकडे माग. मऊपणा काही एकट्या बाईने पुरवायचा नसतो. पण केस, आवाज, चाल अशी यादी निघाली आणि हळूच नोकरीही त्यात आली, तर पत्रिका छापायला देऊ नकोस. साखरपुडा मोडला तर आईवडिलांना फार लागेल, मला कल्पना आहे. तरीही देऊ नकोस.

केस वाढवावेसे तुला वाटले तर वाढव, त्याच्यासाठी नको.

आणि कासाराकडे परत जा. अडीचच्या माग, त्याही असतात त्याच्याकडे.

तुझी,
माई