पैसे भरून इंटर्नशिप घ्यावी का? सोलापूरच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर आहे. मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्याची एक संस्था 15,000 रुपयांत महिनाभराची इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट देते. तिच्या मैत्रिणींनी पैसे भरलेत, आम्हाला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मुलगी म्हणते, पप्पा, तुमच्याच कारखान्यात विचारा ना. मला ते पटत नाही. मागाच्या खडखडाटातून बाहेर पडावी म्हणून तिला शिकवलं, आता परत तिथंच नेऊ का?

उत्तर:

नमस्कार. मुदत जवळ आहे म्हणून आधी तेवढंच सांगतो: पैसे भरू नका.

इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी काम करतो आणि शिकतो. त्याबद्दल कंपनी विद्यावेतन देईल किंवा देणारही नाही, पण उलट विद्यार्थ्याकडूनच पैसे घेतले जात असतील तर तो क्लास झाला. क्लास वाईट असतो असं नाही. पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) किंवा सोलर डिझाइनचा चांगला कोर्स जरूर करावा, पण कोर्स म्हणून, आणि काय शिकवणार ते बघून. त्या संस्थेला फोन करून विचारा, माझी मुलगी रोज कुठल्या कंपनीत जाणार? तिचं काम कोण तपासणार? महिन्याअखेर तिच्या हातात सर्टिफिकेटशिवाय काय असेल? सरळ उत्तर मिळालं नाही, तर तुम्हाला कागद विकत घ्यायला सांगताहेत असं समजा. हे मी एवढं ठासून लिहितोय, कारण महिन्याच्या पगारावर घर चालवणारे आईबाप पोराचं नुकसान नको म्हणून उसने काढून असे पैसे भरतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तुमची घालमेल मला कळते. पण मुलगी माग चालवायला येत नाहीये. ज्या विजेवर तो माग चालतो, ती वीज समजून घ्यायला येतेय. आणि तिला हे तुमच्या कारखान्यात करावंसं वाटतं, याचा अर्थ घरात तुमच्या तोंडून मशीनबद्दल जे ऐकलं त्याला ती किंमत देते. यात कमीपणा मानू नका. त्या शेडमधलं तुम्हाला जे ठाऊक आहे, ते तिच्या पुस्तकात नाही.

आता तिथं ती करेल काय? तुम्ही रोज बघता तीच गोष्ट घ्या. मोटरच्या पंख्याच्या जाळीवर कापसाचे तंतू बसतात, हवा कोंडते, मोटर तापते आणि एक दिवस आतलं तारेचं वाइंडिंग जळतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते, परत येते, तोवर माग बंद. तुम्हाला हे पाठ आहे, पण कुठली मोटर वर्षात किती वेळा जळली याची नोंद कुणी ठेवली आहे का? तिला एक वही घालू द्या. प्रत्येक मोटरला नंबर, किती अश्वशक्तीची, कितीदा रिवाइंड झाली, चालू असताना किती करंट घेते, साफसफाई कधी झाली. करंट मोजताना सोबत तुमचा इलेक्ट्रिशियन हवाच. एकटीनं एकही पॅनेल उघडायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी बजावून सांगा. ओढणी नको, केस घट्ट बांधलेले, पायात बूट. सुताच्या फिरत्या रुळाजवळ, बीमजवळ, हे का, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं काम वीजबिलाचं. उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना 2020 पासून राज्यात केव्हीएएचवर बिल येतं, नुसत्या कामी आलेल्या विजेवर नाही, तर लाइनवरून ओढलेल्या एकूण विजेवर. म्हणजे कपॅसिटर खराब होऊन पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी आली ते प्रमाण) घसरला, तर तेवढंच कापड विणूनही बिल वाढतं. मालकांची जोडणी उच्चदाबाची असेल, तर मागची बारा बिलं मागून घ्यावीत, पॉवर फॅक्टर महिन्यामहिन्याने लिहावा आणि कुठले कपॅसिटर गेलेत ते इलेक्ट्रिशियनला दाखवायला सांगावं. बिलं बाहेर कुणाला दाखवणार नाही, असं मालकांना आधीच लिहून द्यावं. एवढं नीट केलं तर मालक स्वतः विचारतील, पुढच्या सुट्टीत येतेस का?

उद्या मुलाखतीला कुणी विचारलं, इंटर्नशिपमध्ये काय केलंस? पैसे भरून आलेली मुलं तिथंच अडखळतात. तुमची मुलगी वही उघडून सांगेल, या मोटरा वारंवार का जळत होत्या, काय बदललं आणि मग काय झालं. समोरचा इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकून ऐकतो ते असलं उत्तर. कॅम्पसला अ‍ॅप्टिट्यूड लागतं, बॅकलॉग नसावा लागतो, ते आहेच, त्याची तयारी रोज तासभर चालू राहू द्या.

तुमच्याच कारखान्यात नको वाटत असेल, वडील तिथं म्हणून तिला किंवा तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल, तरी सोलापूर सोडायची गरज नाही. चिंचोळी एमआयडीसी आहे. शहरात कॅमशाफ्ट बनतात, मोटरी बनतात. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि त्यातले कित्येक बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज तयार करतात. हंगाम संपल्यावर तिथं मशिनरी उघडून दुरुस्ती चालते, इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला तेव्हा पोटभर बघायला मिळतं. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं केंद्र आहे. तिथं कॉलेजमार्फत अर्ज करून बघावा, नकार आला तरी काही बिघडत नाही.

अर्ज फार लांबवू नका. कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागाचं पत्र घ्या आणि अपघात विम्याचं काय, तेही तिथंच विचारा, कारण कारखाने ते मागतात. सोबत तिनं स्वतः चार ओळी लिहाव्यात: “मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या कारखान्यातल्या मोटरींची देखभाल आणि वीजवापर यांचा सहा आठवडे अभ्यास करू इच्छिते. विद्यावेतनाची अपेक्षा नाही. शेवटी लेखी अहवाल आपल्याला देईन.” ईमेल टाकून वाट बघत बसण्यापेक्षा सकाळी जाऊन मेंटेनन्सच्या साहेबांना भेटावं. बोलणं तिनंच करावं. तुम्ही गेटपर्यंत जा, आत नको.

पुण्याला जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. चौथ्या वर्षी कॉलेज पूर्ण सेमिस्टरची इंटर्नशिप देत असेल आणि विद्यावेतनातून खोलीभाडं, मेस निघत असेल, तर पुण्याजवळच्या चाकण एमआयडीसीत जरूर पाठवा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथं आत्ताच नाव नोंदवून ठेवा, पैसे लागत नाहीत. पदवीनंतर लगेच नोकरी लागली नाही तर शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 खाली वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. त्यात विद्यावेतन मिळतं आणि सरकारी प्रमाणपत्रही. नोंदणी नॅट्स (NATS) या सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर होते.

आणि 15,000 वाचतीलच, तर त्यातले दोन-तीन हजार एका बऱ्या क्लॅम्प मीटरवर (तार न कापता करंट मोजणारा) आणि सेफ्टी बुटांवर घाला. कुठला मीटर घ्यायचा ते तुमच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला विचारा आणि दुकानात मुलीला सोबत न्या.