एनएसएस घेतल्यानं पुढं खरंच काही फरक पडतो का, की सगळं मार्कांसाठीच असतं?

तू लिहिलंयस की एफवायला आहेस, कॉलेजात एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा फॉर्म आलाय, पुढं लोकांसाठी काहीतरी करायचं मनात आहे, पण आई म्हणते त्या झाडूकामापेक्षा अभ्यास कर. ‘तू’ म्हणतोय, राग मानू नको, प्रश्नावरून माझ्या धाकट्या भावाएवढा वाटलास.

आधी खरं सांगून टाकतो. मी घेतलं होतं ते मार्कांसाठीच. सोलापुरात बी.कॉम.ला होतो, सीनियर पोरं म्हणाली नाव लावून ठेव बे, वाढीव मार्क मिळतात, कुठं लटकलास तर कामाला येतात. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, म्हणजे वर्षाला १२०, शिवाय एक सात दिवसांचं निवासी शिबिर. तासांची डायरी असायची. पहिल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही चौघांनी एका संध्याकाळी कँटीनमध्ये बसून चाळीस-चाळीस तासांची समाजसेवा पेनानं केली, एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून दोन वेगळी पेनं वापरली, आणि सरांनी न बघता सह्या ठोकल्या. बॅजवर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला तयार. आम्ही दहा ते पाच पण तयार नसायचो. त्यामुळं "सगळं मार्कांसाठीच असतं" असं तुला कोणी सांगितलं असेल तर तो माणूस खोटं बोलत नाहीये.

पण तरी फरक पडला, आणि तो मला वाटलं होतं त्याच्या उलट्या बाजूनं पडला.

वर्षाच्या सुरुवातीला भाषण होतं. सोलापुरात सेवा हा शब्द आला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस येणारच, भैय्या चौकात स्मारक आहे, लहानपणापासून ऐकतोय. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, बाकीचे चौघं परत आले, हे तिथंच राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडंच वारले. ते ऐकून माझ्या टाळक्यात एवढंच शिरलं की आपण पण काहीतरी मोठ्ठं करायचं. मग मोठ्ठं म्हणजे काय, तर कलेक्टर. आमच्या बॅचला निम्मी पोरं कलेक्टर होणार होती आणि उरलेली एनजीओ काढणार होती. एकाचं तर एनजीओचं नाव आणि लोगो पण ठरला होता, काम काय करायचं तेवढं बाकी होतं.

शिबिर लागलं जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या जत्रेत, त्यामुळं सगळे आधीच वैतागलेले. दत्तक गावात शाळेच्या खोल्यांमध्ये मुक्काम. पहिल्या दिवशी झाडू घेऊन फोटो, दुसऱ्या दिवशी प्रभातफेरी, मग वृक्षारोपण. साठ झाडं लावली आम्ही, कडुनिंब, चिंच, करंज, प्रत्येकाला आळं केलं, पाहुणे आले, टाळ्या झाल्या. जानेवारीत झाडं लावायची, आणि ती पण सोलापूर जिल्ह्यात! शंभर पोरं आणि तीन प्राध्यापक तिथं होते, एकाच्याही डोक्यात आलं नाही की फेब्रुवारी संपला की इथं ऊन कसं पडतं. तिथल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मात्र विचारलं होतं, "पानी कोन घालनार रं पोरांनो?" आम्ही हसून सोडून दिलं.

मे महिन्यात मित्राच्या गाडीवर त्याच बाजूनं चाललो होतो, सहज आत वळलो. पारा ४३ च्या वर असेल. साठातली चार झाडं जिवंत होती. बाकीच्यांची नुसती आळी, वाळलेल्या काड्या, त्यावर आमच्या कॉलेजच्या नावाच्या पाट्या. ती चार त्या आजोबांच्या घरासमोरची, कारण भांडी घासलेलं पाणी त्यांची सून तिथं ओतायची. गाडीवर बसून परत येताना मी आणि मित्र काहीच बोललो नाही, टेंभुर्णी नाका येईपर्यंत.

लाज वाटली ती तेव्हा वाटली, भाषणानं नाही.

दुसऱ्या वर्षी मग मी डायरीत खोटे तास लिहिले नाहीत, म्हणजे लिहायची गरज पडली नाही. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आमच्यापैकी दहा जणांना पाठवायचे, केसपेपरच्या रांगेत लोकांना मदत करायला. काम काय, तर फॉर्म भरून द्यायचा, कुठल्या नंबरच्या खोलीत जायचं ते सांगायचं, व्हीलचेअर ढकलायची. आता सोलापूरचं तुला माहीत असेल किंवा नसेल, इथं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच चौकात ऐकू येतं, आणि दवाखान्यात अक्कलकोटकडची, पलीकडं इंडी, कलबुर्गीकडची माणसं पण येतात. आमच्या घरी आज्जी कन्नड बोलायची. मला थोडं यायचं पण कॉलेजात कधी तोंडातून काढलं नव्हतं, पोरं चिडवायची.

एक म्हातारी, सत्तरीची असेल, केसपेपरची सुरळी करून मुठीत धरलेली, एक्स-रेच्या खोलीसमोर भिंतीला टेकून उभी. मराठीत विचारलं कुठं जायचंय, ती नुसती मान हलवते, हो पण तीच, नाही पण तीच. मग मी हळूच म्हणालो, "अज्जी, ऊटा आतेन्री?" जेवलात का, एवढंच. बाई माझा हातच धरला तिनं! मग जे बोलायला लागली ते थांबेचना, अर्धं मला कळत नव्हतं. सकाळपासून ती चुकीच्या खोलीसमोर उभी होती, कोणी मुद्दाम हाकललं नव्हतं, तिला विचारता येत नव्हतं आणि गर्दीत कोणाला सांगता येत नव्हतं, बास.

तिला औषधाच्या खिडकीपर्यंत नेलं. सकाळी एक, रात्री दोन अशा गोळ्या होत्या. खिडकीतल्या माणसानं भराभर सांगितलं, तिनं मान हलवली. मला वाटलं आपण हुशार, पाकिटावर पेनानं सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र काढला आणि ऐटीत तिच्या हातात दिलं. ती बघून हसली रे. म्हणाली, हे कशाला, मी सकाळच्या गोळ्या चहापत्तीच्या डब्यात ठेवते आणि रात्रीच्या उशाखाली, विसरायला होत नाही. पाकिटं मला परत देऊन गोळ्या तिनं पदराच्या दोन टोकांना दोन गाठी मारून बांधल्या.

हे मी खूप लोकांना सांगितलंय, आणि बहुतेकांना कळत नाही की यात एवढं काय आहे. मला त्या दिवशी कळलं की म्हातारीला माझ्याकडून अक्कल नको होती, ती तिच्याकडं होती. तिला फक्त तिच्या भाषेत बोलणारा एक माणूस त्या भिंतीपाशी हवा होता. आणि मग नंतर कधीतरी कोटणीसांबद्दल वाचताना एक गोष्ट ठळक दिसली जी भाषणात कोणी सांगत नाही, की ते तिथं जाऊन चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवायला लागले. आम्हाला नेहमी त्याग तेवढा सांगितला, भाषेचं कोणी बोललंच नाही.

तर माझ्या प्लॅनचं काय झालं ते ऐक. कलेक्टर झालो नाही. दोनदा प्रिलिम दिली, दोन्ही वेळा गेली, मग बँकेची दिली, ती निघाली. आता क्लार्क आहे. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते आणि दवाखान्याची ओपीडी चालू असते, त्या दोन शनिवारी नऊ ते बारा मी त्याच रांगेत असतो, हातात पेन. दर वेळी जातो असं नाही, लग्नसराईत बुडतं, मुलगी झाली तेव्हा सहा महिने गेलो नाही. पण काम बारीक आहे म्हणून परत सुरू करता येतं.

बाकीच्यांचं पण सांगतो, नाहीतर तुला वाटेल सगळे सुधारले. लोगोवाला आता एका नगरसेवकाच्या मागं फिरतो आणि वाढदिवसाचे फ्लेक्स लावतो, माणसं जमवायची कला तो शिबिरातच शिकला, हे पण एनएसएसचंच देणं म्हणायचं. दोघातिघांना कॉलेज संपल्यावर बॅज कुठं ठेवला तेही आठवत नसेल. आणि एक मैत्रीण, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातली, घरी तेलुगू, आई सगळं आयुष्य मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत आलेली. ती शिकायला लागल्यापासून म्हणायची की बिडी कामगार बायकांसाठी मोठी संस्था काढणार. ती पुण्याला आयटीत गेली, आणि सोलापुरात काहींनी नावं ठेवली की बघा, समाजसेवा विसरली. पण दर वर्षी शिष्यवृत्तीच्या सीझनला ती दोन-तीन रविवार लॅपटॉप घेऊन आईच्या घरी येऊन बसते. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती असते, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची, आईचं किंवा वडलांचं बिडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, खातं आधारला जोडलेलं लागतं. आणि आडनाव आधारवर एका पद्धतीनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या, तिथं फॉर्म अडकतो. मग तिचा मला फोन, "अरे हे खातं बघ ना, लिंक का दाखवेना." बोळातल्या बायका तिला मॅडम म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. संस्था काही निघाली नाही. फॉर्म मात्र दर वर्षी भरले जातात.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की फरक पडतो, पण तू ज्याला "लोकांसाठी काहीतरी" म्हणतोयस ते कापून कापून लहान होतं. आधी वाईट वाटतं, आपण खाली आलो असं वाटतं. मला तर वर्षभर वाटत होतं. आणि हे फोटोच्या कामातून होत नाही, एकाच जागी परत परत गेल्यावर होतं. मी मे महिन्यात त्या गावात वळलो नसतो तर आजही कोणाला तरी छाती फुगवून सांगत असतो की आम्ही साठ झाडं लावली.

आईला सांग, वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तास पण नाही, अभ्यास बुडत नाही, मोबाईलवर त्याच्या दुप्पट जातात. आता नवीन धोरणात बऱ्याच ठिकाणी त्याचं क्रेडिट पण मिळतं, आईला ते आधी सांग, बाकीचं नंतर. फॉर्म भरायच्या आधी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार की तास कुठं भरतात, दवाखाना, वस्तीवरची शाळा, वृद्धाश्रम, असं एखादं कायमचं ठिकाण असेल तर डोळे झाकून घे. नुसत्या रॅल्या असतील तरी घे, पण एक ठिकाण स्वतः शोध. घरी जी भाषा बोलतात ती लपवू नको. झाडं लावायचं निघालं तर म्हण जूनमध्ये लावू.

आणि शिबिराला जाताना पांघरूण ने. जानेवारीत शाळेची फरशी रात्री दोननंतर बर्फ होते. आख्ख्या भारताला चादरी पुरवणाऱ्या गावातला मी, आणि चादर विसरलेला आमच्या तुकडीत मी एकटाच होतो, सातही रात्री सतरंजीच्या घडीत झोपलो.