साडूचा स्पेक्ट्रम

प्रश्न : बाई, मी शाळेत बीबीसी मायक्रो या 1980 च्या दशकातल्या ब्रिटिश संगणकावर शिकलो. साडू त्याच काळातल्या स्वस्त घरगुती संगणकाचे, स्पेक्ट्रमचे, चाहते. 'आमचा 50 लाख खपला, तुमचा 15' असं प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. स्वस्त खेळणं खपलं, त्याला काय यश म्हणायचं? आमच्या वडिलांचे यंत्रमाग होते, माल कशाला म्हणतात ते मला कळतं. आता साडूंनी तोच जुना स्पेक्ट्रम मला भेट दिलाय. चालू करून बघू का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : मीही बीबीसीवालीच, तरी या भांडणात साडूंच्या बाजूनं बोलणार आहे.

आपलं यंत्र देखणंच होतं. बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत प्रोसीजर (म्हणजे प्रोग्रामचे नाव दिलेले तुकडे), आतच असेम्ब्लर (थेट चिपच्या भाषेत लिहायची सोय), आणि बाहेरची उपकरणं जोडायचे पोर्ट तर विचारूच नका. शाळांत संगणक शिकवायच्या सरकारी 'क्लास' योजनेतून ते आपल्या शाळांत आलं. मी शिकवत होते तिथं चपला बाहेर काढून आत जायचं, एका यंत्राला चार मुलं, आठवड्याला एक तास. किल्ली मुख्याध्यापकांकडे. ते रजेवर गेले की संगणकही रजेवर.

त्याच सुमारास धाकट्या भाऊजींनी पुतण्याला स्पेक्ट्रम प्लस आणला, परवान्यावर भारतातच तयार झालेला. टीव्ही घरचा, टेपरेकॉर्डर घरचा. ज्या टेपवर सासूबाई सकाळी अभंग ऐकत, त्याच टेपवरून दुपारी किर्रर्र करत गेम चढायचा. पाचेक मिनिटं सगळे गप्प. चौथ्या मिनिटाला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. टेपच्या हेडचा स्क्रू पेचकसानं हळूच फिरवून आवाज साफ करायला तो अकराव्या वर्षी शिकला. 'काकू, शाळेतल्या संगणकावर मला कधी बसवाल?' असं त्यानं एकदाही विचारलं नाही. मला राग यायचा त्याचा.

आता 'स्वस्त म्हणून खपला' हे बघू. 1982 मध्ये ब्रिटनमध्ये 48 के (किलोबाइट) मेमरीचा स्पेक्ट्रम 175 पौंडांना होता, बीबीसीचं मॉडेल बी 399 ला. किंमत एवढी खाली आणणं हीच तर करामत. बरंचसं सर्किट फेरांटी कंपनीनं गरजेप्रमाणे बनवून दिलेल्या एका यूएलए चिपमध्ये कोंबलं. रंगांत तर कमालीचा चिक्कूपणा : 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग. लाल गडी हिरव्या झाडाजवळ गेला की झाडाचा तुकडाही लाल व्हायचा, आणि आम्ही बीबीसीवाले खो खो हसायचो. पण त्या चिक्कूपणामुळे अख्खा पडदा 6,912 बाइटांत मावे आणि प्रोग्रामला 41 केच्या आसपास जागा उरे. आपल्या मॉडेल बीची मेमरीच 32 के. त्यात रंगीत ग्राफिक्सचा मोठा मोड लावला की 20 के एकटा पडदाच गिळायचा. खेळ लिहिणाऱ्यानं कुठं जावं?

माल कळतो म्हणता, तर सांगा : जकार्डच्या चादरीत कारागिरी जास्त, पण टॉवेलच्या गाठी रवाना होताना तुमच्या वडिलांनी त्याला खोटा धंदा म्हटलं का कधी?

आणखी एक, हे मला स्वतःलाच टोचतं. ब्रिटनमध्ये शाळांना बीबीसी घ्यायला सरकार निम्मे पैसे देत होतं. आपल्याकडे तर सगळाच सरकारी कारभार. स्पेक्ट्रम मात्र बहुतेक बापांनी पदरच्या पैशानं घेतला. भाऊजींनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, जाऊबाई वर्षभर बोलत होत्या त्यावरून.

साडू फारच मिरवायला लागले तर 1986 ची आठवण द्या. स्पेक्ट्रमचे जनक क्लाइव्ह सिंक्लेअर यांना संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला 50 लाख पौंडांत विकावा लागला. त्यांचा पुढचा संगणक क्यूएल आणि ती सी5 नावाची बॅटरीवरची तिचाकी, दोन्ही अंगाशी आली होती. स्पेक्ट्रमचा त्यात दोष नाही, पण लग्नाच्या पंगतीत एवढं चालतं.

चालू जरूर करा, पण आधी अडॅप्टर बघा. 9 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेचं मधलं टोक ऋण असतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरचं ते धन असतं. घरातला कुठलाही खुपसलात तर यंत्र जाईल आणि साडूंना आयुष्यभराचा विषय मिळेल. पडदा उजळला की 'जे' दाबा. एका बोटात अख्खा 'लोड' शब्द उमटेल. टेपरेकॉर्डर मात्र आता तुम्हीच शोधा, आमचा सासूबाईंनंतर भंगारात गेला.