भीती जाईपर्यंत थांबायचं का?

"मॅडम, नाताळच्या सुट्टीत मालवणला जातोय. लेक स्कूबाचा हट्ट धरून बसलाय, आई तूही पाण्याखाली यायचंस म्हणतो. मला धरणाचं पाणी लांबून बघितलं तरी पोटात गोळा येतो. तोवर माझी भीती जाईल ना?"

सुट्ट्या जवळ आल्या की असा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या मीनलताई (नाव व तपशील बदलले आहेत) चाळिशीच्या, सांगलीकडच्या. हाताशी सहा आठवडे होते.

लहानपणी मामांच्या गावी विहिरीत पाठीला डबा बांधून पोरं पोहायला शिकायची. एके दिवशी मामांनी डबा सोडला आणि मीनलताईंना ढकलून दिलं. "मी ओरडत होते, मामा, वर काढा. काठावर सगळे हसत होते." पाण्याबद्दल मीनलताई दोन वाक्यं बोलल्या, त्या हसण्याबद्दल दहा मिनिटं. मी ते वहीत टिपून ठेवलं.

भीती पार जाईल असं वचन मी दिलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'मला भीती वाटताच कामा नये' असा हट्ट धरला की छातीची धडधड तर होतेच, वर त्या धडधडीचीही भीती वाटू लागते. म्हणून आम्ही वाक्य बदललं: 'भीती वाटली नाही तर बरं, पण वाटली तरी मी ती सोसू शकते.'

मग पायऱ्या ठरवल्या. आधी घरी नाक चिमटीत धरून तोंडाने संथ श्वास, कारण स्कूबाच्या मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं आणि पाठीवरच्या टाकीतली हवा नळीतून तोंडाने घ्यायची असते. मग बादलीत चेहरा बुडवणं. त्यानंतर तरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणं. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. घाबरून मध्येच पळालं की सुटका झाल्यासारखं वाटतं खरं, पण पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते. बादलीलाच आठ गुण होते! आठ दिवस गेले त्यात. मला त्याची घाई नव्हती.

"घाबरले तर श्वास रोखून धरेन," त्या म्हणाल्या. इथे मात्र मी त्यांना थांबवलं. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो कमी होतो आणि छातीतली हवा फुगते; ती कोंडून धरली तर फुप्फुसांना इजा होऊ शकते, म्हणून स्कूबात श्वास कधीच रोखायचा नसतो. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि साधी सर्दी असली तरी त्या दिवशी उतरायचं नाही. ही कारणं धैर्याने ओलांडायची नसतात.

एका भेटीला त्यांचे यजमान आणि मुलगाही आले. बोटीवर कुणीही 'अगं, काही होत नाही' म्हणायचं नाही, असं मी दोघांना सांगितलं. धीर द्यायलाच म्हणतात लोक, पण घाबरलेल्या माणसाला त्यातून 'तुझं ऐकणार नाही' एवढंच पोचतं. पाण्याखालच्या खुणाही घोटून घेतल्या. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे 'वर न्या', शाबासकी नव्हे. उतरण्याआधी प्रशिक्षकाला विहिरीचा प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, 'मी अंगठा दाखवला तर लगेच वर आणाल ना?' 'हो' असं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर उतरायचं नाही.

डिसेंबरअखेरीस त्यांचा आवाजी निरोप आला. मागे बोटीच्या इंजिनाची घरघर होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ पाण्यात त्या उतरल्या होत्या. कानात दडे बसले, छाती धडधडली आणि मिनिटभरातच त्यांनी अंगठा दाखवला.

"मॅडम, त्यांनी लगेच वर आणलं हो! कुणी हसलं नाही. मी बोटीला धरून खूप रडले. मग मीच म्हटलं, चला, परत जाऊ. मासे बघितले, पिवळे पट्ट्यांचे. भीती सहा होती, सगळा वेळ."